घडी घातलेल्या पट्ट्या

"आई नाई वाटते पोराले. म्हणून तं असा बांधून आणला," समोरच्या बाकावरची बाई आपल्या सुनेला म्हणाली. हळूच म्हणाली, पण दातांच्या दवाखान्यात बाहेर बसलेले लोक गाल धरून गप्प असतात, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

काकू, तुला जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. मी मोबाइल काढला आणि काहीही न वाचता बोट वर-खाली सरकवत बसले.

तू असतीस तर उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली असतीस. बसस्टँडवर, लग्नांत, रेशनच्या रांगेत मी हे इतक्यांदा पाहिलंय की मला पाठ आहे. "बांधलं काऊन म्हणता ना? मंग तुमीच सोडा बाई. दहा मिनिटं सांभाळा, मी तवरक चहा पिऊन येतो." आणि तू खरोखर चहा प्यायला निघून जायचीस. ती बाई, चाकाच्या खुर्चीतला तुझा प्रणय आणि मी असे तिघे तिथे उरायचो. बाई घाबरून प्रणयकडे पाहायची, प्रणय तिला एखादी सणसणीत शिवी द्यायचा आणि मला कुठे पाहावं ते कळायचं नाही. तुझा चहा मात्र निवांत चालायचा. मला तुझा इतका राग यायचा की घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलायची नाही. आणि मी बोलत नाहीये हे तुझ्या लक्षातही यायचं नाही, कारण मी तशीही बोलत नाही.

ही तारीखही तूच ठरवून ठेवलेली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करून लिहिलं होतंस, "बाबूचे दात". तुझा बाबू म्हणजे प्रणय. घरात सगळे म्हणाले, तेरवी होऊन जाऊ दे, मग पाहू. माझी आई म्हणाली, बाबा म्हणाले, तुझे पवनारचे शेजारी म्हणाले. पण ओठ चावला जाऊ नये म्हणून प्रणयच्या दातांवर बसवतात ते कवच तू गेल्याच्या चौथ्या दिवशी तडकलं होतं आणि तो तडा रोज पुढे सरकत होता. शेवटी काकांनीच सकाळी ऑटो बोलावला. दवाखान्यात आल्यावर ते आत आले नाहीत. मुंडण केलेल्या डोक्यावर रुमाल टाकून पायऱ्यांवर बसले. प्रणयचं तोंड उघडलेलं त्यांना पाहवत नाही. एकोणीस वर्षांत त्यांना ते पाहावंच लागलं नाही, अशी तू सोय करून ठेवलीस. आता काय करायचं, सांग.

सांग म्हणजे खरंच सांग. कारण तू काहीच कुठे लिहून ठेवलेलं नाहीस.

बाकावरच्या त्या बाईला मी काय सांगणार होते? आजाराचं नाव इंग्रजी आहे आणि ते सांगून कोणालाच काही कळत नाही. तुझ्याकडून आलेला आजार, असं घरात म्हणतात. डॉक्टरांनी तसं शांतपणे, कोणाचा दोष नाही असं म्हणत समजावलं होतं. घरात त्यातला फक्त पहिला भाग लक्षात राहिला. शरीरात एक आम्ल जास्त तयार होतं, त्याने मूत्रपिंडात खडे होतात, हातपाय हवे तसे हलत नाहीत. तेवढं लोकांना समजतं. पुढचं समजत नाही. पोरगा स्वतःचे ओठ चावतो, बोटं चावतो. दुखत नाही म्हणून नाही. दुखतं, तो ओरडतो, रडतो आणि तरी चावतो. हात बांधले की तो शांत होतो. स्वतःच म्हणतो, "बांध." हे ऐकून लोकांना वाटतं, आपण त्याला तसं शिकवलं.

आणि ज्याच्यावर जीव आहे त्यालाच शिव्या. मला तो लहानपणापासून "काळी म्हैस" म्हणतो. मी सातवीत असताना या नावाने रडले होते. तू म्हणालीस, "तुह्यावर जीव आहे त्याचा. पाह्य ना, मले तं डुक्कर म्हणते." हे तू इतक्या अभिमानाने सांगितलंस, जणू पोराला पदक मिळालंय.

वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी मी दर शनिवारी बसने पवनारला यायची. तिथे माझ्या वाट्याला हे यायचं: वांग्याच्या जुड्या नव्हे, सांभाराच्या, म्हणजे पुस्तकातल्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना तुझ्या शेजारी बसणं, प्रणयच्या शिव्या खाणं आणि तुझं ऐकणं. वांग्याच्या जुड्या असतात असं मी एकदा शाळेच्या निबंधात लिहिलं होतं आणि तू ते सबंध पवनारला सांगितलंस. "आमची मॅडम. वांग्याची जुडी बांधते." आजही मला कोणी ना कोणी ते ऐकवतंच. तेरवीच्या तयारीला आलेल्या तुझ्या बहिणीनेसुद्धा ऐकवलं, आणि मग ती पदराने डोळे पुसत बसली.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक स्टीलचा डबा माझ्या हाती लागला. मला वाटलं, पापड असतील. आत प्रणयची सगळी कवचं निघाली. अगदी पहिलं, दुधाच्या दातांवरचं, नखाएवढं. मग मोठी होत गेलेली. काही चावून चावून पांढरी पडलेली, एकाचा तुकडाच. प्रत्येकाला धागा बांधलेला, निरनिराळ्या रंगाचा. कोणता रंग कोणत्या वर्षाचा, हे तुलाच माहीत. मी तासभर ते धागे पाहत बसले आणि मला रडू आलं नाही, चीड आली. एक कागद ठेवता आला नसता? तुला लिहिता येत होतं. "बाबूचे दात" असं लिहिलं होतंस ना कॅलेंडरवर?

ते कवच करून घेणं म्हणजे काय असतं, हे मी दोनदा पाहिलंय. दातांचा ठसा घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरलेला साचा धरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत प्रणयने चावायचं नाही. पहिल्यांदा दोन माणसं त्याचं डोकं धरून होती. तू त्यांना बाजूला केलंस. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आपलं बोट त्याच्या दाढांमध्ये अडकवलंस आणि त्याच्याशी कोणत्याशा बैलाबद्दल बोलत राहिलीस. तुझ्या त्या बोटाचं नख नंतर वाकडंच उगवलं. आधीचे डॉक्टर म्हणाले होते, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं. तू म्हणालीस, "मलेबी नोतं शिकवलं." ते हसले. त्यांचं आणि तुझं जमायचं.

एका गोष्टीवर मात्र जमायचं नाही. दर वर्षी ते म्हणायचे, समोरचे दात काढून टाकू. दात नसले की ओठ वाचेल. दर वर्षी तू काहीतरी भलतंच कारण द्यायचीस. "लग्न करून द्याचं आहे त्याचं. बिनदाताचा नवरदेव कोन पाहीन?" मी सोबत असले की डॉक्टर माझ्याकडे पाहायचे. इंग्रजी शिकलेली पोरगी आहे, ही तरी समजावेल, अशा नजरेने. मी फरशीकडे पाहायची. मला तुझी लाज वाटायची, काकू. लिहून टाकते, आता कोणाला लपवायचं? अडाणी बाई म्हणून ते तुला मोजतायत आणि तूच त्यांना मोजू देतेयस, असं वाटायचं.

खरं कारण तू त्यांना कधी सांगितलं नाहीस. मलाही नाही. मी ते पाहिलं म्हणून मला माहीत आहे. प्रणयला हाताने घास घेता येत नाही, चालता येत नाही, नाकावरची माशी हाकलता येत नाही. दुपारी तू कवच काढून धुवायचीस, त्याचे हात बांधलेलेच असायचे, आणि मळ्यातली कोवळी काकडी पुसून त्याच्या तोंडासमोर धरायचीस. सबंध. चिरून नाही, किसून नाही. तो मान पुढे करून समोरच्या दातांनी तिचा तुकडा तोडायचा. कट्कन आवाज व्हायचा. मग माझ्याकडे पाहून हसायचा आणि भरल्या तोंडाने म्हणायचा, "पाह्य, म्हशे." दिवसभरात तेवढी एक गोष्ट तो स्वतः करायचा. तू काकडी अगदी सरळ धरून बसलेली असायचीस, श्वाससुद्धा न घेता. त्या आधीच्या डॉक्टरांना एवढं सांगितलं असतंस तर ते समजले नसते का?

आता मागच्या उन्हाळ्याबद्दल. इतके परिच्छेद मी त्याच्याभोवती फिरतेय.

शनिवार होता. तू वांगी घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेली होतीस. काका मळ्यात होते. प्रणयचं जेवण झालं होतं, कवच पाण्यात टाकलेलं होतं, तो खाटेवर पडून माझ्या मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मी त्या आठवड्यात एक इंग्रजी लेख वाचला होता. अपंग माणसांना बांधून ठेवणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, असा. चांगला लेख होता. मी घरी बसून दुसऱ्यांचा इंग्रजी मजकूर तपासायचं काम करते, चांगला लेख मला कळतो. वाचून मला आपल्या घराची लाज वाटली होती. त्या बाकावरच्या बाईला वाटत होतं ना, अगदी तेच मला वाटत होतं, फक्त इंग्रजीत.

मी प्रणयला विचारलं, "सोडू?"

तो म्हणाला, "नको."

आणि मला वाटलं, हा तर नेहमी उलटंच बोलतो. ज्याच्यावर जीव त्याला डुक्कर म्हणतो. म्हणजे याचं "नको" म्हणजे "हो" असणार. एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी एवढंच शिकले होते, आणि तेही अर्धवट. मी दोन्ही पट्ट्या सोडल्या. नीट घडी घातली आणि उशीशेजारी ठेवल्या. मला वस्तू जागच्या जागी लागतात.

पुढचं तुला माहीत आहे. त्याच्याच हाताने त्याने खालचा ओठ दातांखाली ओढला. मी त्याचे हात धरले तोवर व्हायचं ते झालं होतं.

तेवढ्यात तू बाजारातून परतलीस आणि त्याचं ओरडणं ऐकून धावत आत आलीस. त्याचं तोंड टॉवेलने धरलंस, काकांना हाक मारलीस, मला म्हणालीस, "ऑटो पाह्य." मग जाताना एकदा मागे वळून खाटेकडे पाहिलंस. क्षणभरच. तेव्हा मला वाटलं, चप्पल शोधतेयस.

याच दातांच्या दवाखान्यात त्या आधीच्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तू म्हणालीस, "माह्याच हातानं गाठ ढिली राह्यली." ते फाइलमध्ये इंग्रजीत लिहू लागले. मी टेबलाच्या अलीकडे होते, तरी उलटं वाचता आलं. आईने बांधलेलं सुटलं. घरची व्यवस्था भरवशाची नाही. तुला ते वाचता येत नव्हतं, काकांना येत नव्हतं. त्या खोलीत घरच्यांपैकी फक्त मला येत होतं. आणि मी गप्प बसले. बसच्या तिकिटाच्या कागदाची गुंडाळी करत.

दोन आठवड्यांनी मी परत आले तेव्हा तू अंगणात जुन्या साडीच्या पट्ट्या फाडत बसली होतीस. म्हणालीस, "ये, गाठ शिक." दोन वेढे, गाठ मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, त्याचे दात पोचणार नाहीत तिथे. "खालून बोट गेलं पाह्यजे, पन गाठ सरकाले नाई पाह्यजे." माझी गाठ तू सात वेळा सोडून दाखवलीस, एका झटक्यात. मग मी तुझी सोडायला गेले. ती ओढून सुटेना. हलवून सुटेना. ती फक्त दोन्ही हातांनी, डोळ्यांनी पाहून, उकलून सुटते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझी गाठ आपोआप सुटत नाही. आणि आपोआप सुटलेल्या पट्टीची घडी होत नाही. तू त्या दिवशी चप्पल शोधत नव्हतीस.

मी वाट पाहिली, काकू. आता बोलेल, मग बोलेल. अनोळखी बायांना भर चौकात सुनावणारी तू, मला एक शब्द बोलली नाहीस. उलट मी निघताना नेहमीसारखी पिशवीत वांगी भरलीस. जास्तच भरलीस. मला ती वांगी नको होती. तू ओरडायला हवं होतंस. ओरडली असतीस तर मी रडले असते, सांगून टाकलं असतं, संपलं असतं. तू माझ्यावर उपकार केलास आणि तो मी वर्षभर छातीवर घेऊन फिरले. कोणी सांगितलं होतं तुला?

तू गेलीस त्याच्या आठवडाभर आधी फोन केलास. "या खेपेस तू संगं येजो दातवाल्याकडे. नवा डॉक्टर आहे म्हनते. तुले काई सांगाचं असन त्याले, तं सांगजो." मी म्हणाले, मला काम आहे. तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर आपण पावसाबद्दल बोललो.

तर, आमचा नंबर आला.

नवा डॉक्टर तरुण होता आणि, खोटं कशाला बोलू, चांगला होता. आधी प्रणयला नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिलं. असं फार कमी लोक करतात. मग तो वाकला आणि त्याने स्वतःच्या हाताने पट्ट्या उकलल्या. "इथे आपण मोकळं बसू या, प्रणय. आम्ही आहोत." दोन मदतनीस हात धरायला उभे राहिले. मी "नको" म्हणणार होते.

त्याने फाइल वाचली. कवचाचा तडा पाहिला. खालचा ओठ बोटाने हलकेच ओढून पाहिला. मग माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. ओठ आणखी एकदा असा फाटला तर शिवायला फारसं काही उरणार नाही. घरी सांभाळणं भरवशाचं असतं तर नवं कवच देऊन भागलं असतं, पण इथे लिहिलंय की आई असतानाच ते जमत नव्हतं. आणि आता आई नाहीत. भूल देऊन समोरचे वरचे-खालचे दात काढणं हेच त्याच्या हिताचं. त्यात चूक काहीच नव्हतं. त्याच्यासमोर जे लिहिलेलं होतं, त्यावरून मीही तेच म्हणाले असते.

मग तो प्रणयकडे वळला आणि मराठीत विचारलं, "काढायचे का रे समोरचे दात?"

"काढा," प्रणय म्हणाला. "सगळे काढा. तुमचेबी काढा."

डॉक्टर हसला आणि लिहायला लागला. मदतनीसही हसले. मी प्रणयकडे पाहिलं. धरलेले हात तोंडाकडे ओढ घेत होते, मान एका बाजूला गेली होती आणि त्याचे डोळे माझ्यावर होते. तू असताना तो असा माझ्याकडे कधी पाहायचा नाही, कारण तू असायचीस.

"म्हशे," तो म्हणाला. "बांध."

मी उठले. पट्ट्या टेबलावर होत्या. मदतनीस म्हणाले, राहू द्या, आम्ही धरलंय. मी ऐकलं नाही. दोन वेढे, गाठ बाहेरच्या बाजूला. खालून बोट घालून पाहिलं. ओढून पाहिली, सरकली नाही. काकू, तुझ्या हाताची होती ती, माझ्या हाताने झाली एवढंच. प्रणयचे खांदे खाली आले. मान सरळ झाली. त्याने एक लांब श्वास सोडला आणि मदतनीसाला एक शिवी दिली, अगदी मनापासून.

डॉक्टरने हे सगळं पाहिलं. पेन बाजूला ठेवलं आणि पुन्हा विचारलं, आता हळू, "प्रणय, दात काढायचे?"

"नाई. काकडी खाईन मी. सबंध."

"काकडी?" डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं की हा काय म्हणतोय.

दार अर्धं उघडं होतं. शिवी ऐकून काका पायऱ्यांवरून उठून दारात आले होते, रुमाल हातात. त्यांच्यामागे बाकावरची ती बाई मान उंचावून पाहत होती. इंग्रजीत सांगितलं असतं तर डॉक्टरला कळलं असतं, फाइल दुरुस्त झाली असती आणि काका, प्रणय, कोणालाच काही कळलं नसतं. वाक्यसुद्धा माझ्या डोक्यात तयार होतं, व्याकरणासकट. आणि तू गेलीस तरी तुझं ते "सांगजो" काही माझा पिच्छा सोडत नव्हतं.

मी मराठीत बोलले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"काकडीचं सांगते. पण आधी फाइलमध्ये लिहिलंय ते खोडा. काकूची गाठ ढिली नव्हती. तो 'नको' म्हणत होता, आणि मी सोडली."